बसायची पायरी

माझ्या भासऱ्यांइतक्या लोकांच्या दारापर्यंत जाऊन आत न गेलेला माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा सापडायचा नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आमच्याकडे असंच म्हणतात. चारचौघं कोणाच्या घरी गेले की घंटी वाजवतात, चपला काढतात, आत बसून पाणी पितात. माझे भासरे खाली रस्त्यावरच थांबतात. आधी मान मागे टाकून दरवाजा बघतात, मग मान खाली घालून पहिली पायरी बघतात, मग एक पाय त्या पायरीवर आणि दुसरा जमिनीवर ठेवून इतका वेळ उभे राहतात की घरातल्यांना वाटतं यांच्या पोटरीत गोळा आला. कोणी "या ना, या ना" करत बाहेर आलं की हे विचारतात, "येतो, पण पयले सांगा, हे बांधलं कोणी?" घरमालकानं स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं असतं, तो छाती फुगवून तसं सांगतो, आणि तिथून पुढे जी बोलणी सुरू होतात त्यात आत जायचं राहूनच जातं. चहा बाहेर येतो. पुष्कळदा तोही येत नाही.

नोकरीत असताना ते सरकारी बांधकामाच्या एका कार्यालयात नकाशे उतरवायचे. मोठे साहेब खोल्या आखत, खिडक्या आखत, दारं कुठं उघडतील ते दाखवत, आणि पुढच्या पायऱ्यांसाठी कागदाच्या कडेला जी काय जागा उरेल तिथं आडव्या रेघा ओढून मोकळे होत. त्या रेघा शाईनं नीट उतरवणं भासऱ्यांकडे यायचं. सगळी नोकरी त्यांनी त्या रेघा मारल्या आणि रिटायर झाल्यावर त्या रेघांवर चढून बघायला निघाले. मला तरी याचा दुसरा काही अर्थ लागलेला नाही. बाकीचे रिटायर झालेले लोक सकाळी बागेत फिरतात, हे दुसऱ्यांच्या पायऱ्यांवर फिरतात.

त्यांचे नियम मला तोंडपाठ आहेत. भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकल्यावर कोणालाही होतील. पायरी अर्ध्या फुटाच्या वर उचलायची नाही. तिच्यावर अख्खं पाऊल मावलं पाहिजे, टाच लोंबता कामा नये. सगळ्या पायऱ्या सारख्या पाहिजेत, कारण माणूस पायऱ्या बघत नाही, पहिल्या दोन पायऱ्यांवर पाय शिकून घेतो आणि पुढच्या त्याच भरवशावर चढतो. दारापुढे दोघं उभे राहतील एवढी सपाट जागा पाहिजे, एक आलेला आणि एक दार उघडणारा, नाहीतर दार उघडताच पाहुणा उतरायला लागतो. कठडा दोन्ही बाजूंना पाहिजे, कारण ज्या हातात पिशवी आहे तो हात कोणी बदलत नाही. वर छप्पर पाहिजे, म्हणजे किल्ली शोधताना माणूस भिजत नाही. आणि हे सगळं आपल्या हद्दीच्या आत पाहिजे. या शेवटच्या नियमावर त्यांचा सगळ्यात जास्त जोर. नालीवर बोटभरही पुढे आलेली पायरी दिसली की ते त्या घरासमोरून जाताना चेहरा असा करतात जसं कोणी त्यांच्याच ताटात हात घातला.

आमच्या नात्यातल्या एकांनी मनीषनगरकडे बंगला बांधला. वास्तूला आम्ही सगळे गेलो. पुढच्या पायऱ्यांना काळा चकचकीत ग्रॅनाइट लावला होता, त्यात तोंड दिसत होतं. भासरे खालीच थांबले, रुमालानं एक पायरी पुसली, तिच्यावर चप्पल घासून बघितली आणि यजमानांना म्हणाले, "घर झकास हाये. पण ग्रॅनाइट लावला म्हणजे पाहुण्याले तुमी सांगूनच राहिले का बावा, येऊ नको." यजमान हसले. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्या पायऱ्या मध्येच काटकोनात वळत होत्या, आणि वळण फार चिंचोळं होतं. भासऱ्यांनी ते हातानं मापलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "इथून नवरी आत येईन, कबूल. पण माणूस बाहेर कसा नेसान? तिरडी वळवाले चौघांइले जागा कुठं हाये?" यजमानांचे म्हातारे वडील तिथंच खुर्चीवर बसलेले होते. आमचे हे, म्हणजे माझे मिस्टर, एकदम कोणाचा तरी फोन आल्यासारखं करून फाटकाबाहेर गेले. माझ्या जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हातारे मात्र काठी टेकत उठले, स्वतः जाऊन ते वळण बघून आले आणि मुलाला म्हणाले, "बरोबर बोलून राहिले ते. मले काय उभं नेसान?" त्या घरून आम्हाला पुन्हा बोलावणं आलं नाही. पण ते म्हातारे बाजारात कुठं भेटले की भासऱ्यांना सोडत नाहीत, चहा पाजल्याशिवाय जाऊ देत नाहीत.

एकदा जाऊबाईंचा गुडघा दाखवायला भासरे त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. दवाखाना रस्त्यापासून उंचावर, पायऱ्या शिडीसारख्या उभ्या, धरायला काही नाही. जाऊबाई एका एका पायरीला थांबत वर पोचल्या. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास आहे. जाऊबाई बोलायच्या आधीच भासरे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ज्याले तुमची गरज हाये तो इथपर्यंत येऊ शकत नाही, अन् जो इथपर्यंत आला त्याले तुमची गरज नाही." डॉक्टर भला माणूस होता. त्यानं एका बाजूला लोखंडी कठडा बसवला. पुढच्या वेळी भासऱ्यांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले की ठीक आहे, चढणाऱ्याची सोय झाली, उतरणाऱ्याची राहिली. जाऊबाई मला घरी येऊन म्हणाल्या, "गुडघा राहिला बाजूले. दोघंजण अर्धा तास कठड्यावरच बोलून राहिले होते वं. मी आपली तिथं कॅलेंडर पाहत बसली."

आता आमच्या घरातल्या बोलण्याचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही. आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. ते आले की उठायचं, पदर पुढे ओढायचा, बाजूला व्हायचं. कोणी मला बसवून हे शिकवलं नाही, सावनेरला माझी आई असंच करायची, इथं आले तर इथंही असंच होतं. म्हणून भासरे घरात किंवा ओट्यावर यायच्या आधी खोकतात. तो खोकला आजाराचा नाही, तो म्हणजे मी आलो असं सांगणं आहे. आधी सासूबाई होत्या, त्यांच्यामार्फत आमचं बोलणं व्हायचं. त्या गेल्यावर मुलांमार्फत. मुलं नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा मोठी पंचाईत झाली, कारण जाऊबाई देवळात आणि आमचे हे हिंगण्याला कारखान्यात असले की घरात फक्त मी आणि भासरे. मग मी कूलरशी बोलायला लागले. कूलर पुढच्या खोलीच्या खिडकीत होता, मी मधल्या दारात उभी राहून कूलरकडे तोंड करून म्हणायची की चहा झाला आहे. पलीकडून भासरे कूलरच्या वतीनं "हं" म्हणायचे. साखर कमी झाली असेल तर तेही कूलरलाच सांगायचे. आमची भाजी, गॅसचं सिलेंडर, लाइटबिल, मुलांचे फोन, सगळं त्या कूलरला माहीत होतं. जाऊबाई म्हणायच्या की एवढं ऐकून घेणारा बाप्या त्यांना मिळाला असता तर त्यांनी देवळात जायचंच सोडलं असतं.

आमच्या घरापुढे सासऱ्यांच्या वेळचा शहाबादी फरशीचा ओटा होता. घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, नालीवर अंग पसरून बसलेला. दुपारची कामं आटोपली की गल्लीतल्या बाया तिथं यायच्या. कोणी मेथी निवडायची, कोणी तूर पाखडायची, हिवाळ्यात संत्र्यांच्या सालींचा ढीग पडायचा. मी बाजारात एकटी जात नाही, लग्नकार्यातही मागच्या रांगेत बसते. या शहरात मी बाहेर म्हणून जेवढी आहे तेवढी त्या ओट्यावर. समोरच्या काकूंच्या सुनेचं बाळंतपण, कोपऱ्यावरच्या विहारात कोणतं पुस्तक वाचून राहिले, मौद्याला राहणारी जाऊबाईंची मुलगी कधी येणार, सगळं मला तिथं बसून कळायचं. मी फारशी बोलत नसे. पण तिथं न बोलणाऱ्या बाईलाही जागा होती.

मग गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. जुन्या रस्त्यावरच नवा ओतला, त्यामुळे रस्ता वर आला आणि घरं खाली गेली. आमचा ओटा आणि उंबरा दोन्ही रस्त्याच्या बरोबरीला आले. पावसाळ्यात पाणी सरळ पुढच्या खोलीत शिरलं. भासरे खाटेवर पाय वर घेऊन बसले होते, आणि त्यांचं ते उतरत्या फळीचं मोठं टेबल, ज्याच्यावर ते अजूनही रेघा मारत बसतात, त्याचे पाय भिजले. पाणी ओसरल्यावर दोघा भावांनी ठरवलं की उन्हाळा आला की घराचं जोतं उचलायचं, फरशी वर घ्यायची आणि पुढं नव्या पायऱ्या बांधायच्या. आमच्या यांना वाटलं घर दुरुस्त होईल. भासऱ्यांचा चेहरा मात्र मुलीचं लग्न ठरलेल्या बापासारखा झाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायऱ्यांना नावं ठेवली, आता स्वतःच्या पायऱ्या करायच्या होत्या.

सगळा हिवाळा त्यांनी नकाशे काढले. एक काढायचे, भिंतीला लावायचे, दोन दिवस त्याच्याकडे बघत बसायचे आणि फाडायचे. शेवटी एक टिकला. आमच्या यांनी तो मला आत आणून दाखवला, आणि मी बघितला तर खरंच सुंदर होता. बुटक्या सारख्या पायऱ्या, दोन्हीकडे कठडा, वर दारापुढं सपाट जागा, डोक्यावर छप्पर. आणि सगळं हद्दीच्या आत, नाली पूर्ण मोकळी. ओटा नव्हता. मी कागद उलटा करूनही बघितला. मी यांना विचारलं की ओटा कुठं आहे. ते म्हणाले, दादा म्हणतात ओटा नालीवर होता, ते आक्रमण आहे, आणि तसाही ओटा प्रवेशात मोडत नाही.

मी जाऊबाईंकडे गेले. त्यांनी आधीच भांडून घेतलेलं होतं. त्या म्हणाल्या, "म्या सांगून पाहिलं. मले म्हणते, नियम सगळ्याइले सारखा, आपल्या घरापासून सुरू कराचा. मी बोलून बोलून थकली, तू न बोलता थकली. आता राहू दे." समोरच्या काकूंनी ऐकलं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मग आम्ही काय खिडकीतून मेथी निवडायची? पण भासऱ्यांना जाऊन सांगायला त्यांच्यातली एकही तयार नव्हती. गल्लीतल्या सगळ्या बाया त्यांना मान देतात, म्हणजे ते दिसले की आत पळतात.

उन्हाळ्यात काम सुरू झालं. जुना ओटा फुटला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. सब्बलीचा एकेक घाव ऐकू येत होता आणि माझ्या हातून कणकेत पाणी जास्त पडलं. घर वर आलं, फरशी झाली, आणि पायऱ्यांचा दिवस आला. मिस्त्रीनं पुढं खुंट्या ठोकून दोऱ्या बांधल्या, बाजूला सिमेंट-रेतीचा ढीग लावला, आता पाणी टाकून कालवायचं तेवढं बाकी. जाऊबाई मौद्याला मुलीकडे गेल्या होत्या. आमचे हे पहिल्या पाळीला. मला माहीत होतं की एकदा माल पडला की संपलं. मी मधल्या दारात आले आणि सवयीनं खिडकीकडे तोंड केलं, तर खिडकीत कूलर नव्हता. कामाची धूळ जाईल म्हणून तो मागच्या अंगणात नेऊन ठेवलेला. खिडकीच्या भोकातून नुसतं ऊन येत होतं. मी तशीच बाहेर दारापर्यंत आले. भासरे माझ्याकडे पाठ करून दोरीची उंची बघत होते.

मी म्हटलं, "याच्यातली बसाची पायरी कोणती हाये?"

भासऱ्यांना वाटलं मिस्त्रीनं विचारलं. ते म्हणाले, "काय गा, बसाची कायची? पायरी चढाची राहते."

मिस्त्री म्हणाला, "मले काहून सांगता दादा? म्या कुठं विचारलं? त्या तं तुमच्या मांगं उभ्या हायेत."

भासऱ्यांनी मान अर्धी वळवली आणि तिथंच थांबवली. माझा पदर कपाळापर्यंत होता, तो मी आणखी ओढला, पण आत गेले नाही. आत गेले असते तर पुन्हा आलेच नसते. ते मिस्त्रीला म्हणाले, "त्याइले सांग, नकाशात समदं हाये. पाहुणा येईन, चढन, उभा राहीन, आत जाईन. कोणाले तरास नाही."

मिस्त्री गमेलं हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मी मिस्त्रीला म्हटलं, "त्याइले म्हणा, पाहुणा महिन्यातून एकदा येते. तो चढला का संपलं. आमची सगळी दुपार तिथं जाते. या पायऱ्या समद्या आत येणाऱ्यासाठी केल्या. आमी तं आतच हावो. आमाले बाहेर याचं हाये."

एवढं मी एका दमात आयुष्यात कधी बोलले नव्हते. मिस्त्रीनं ते भासऱ्यांना पुन्हा सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. भासरे दोरीकडे बघत राहिले. मग खाली बसले आणि जिथं पहिली पायरी येणार होती तिथं मातीवर हात ठेवला. मी आत आले. मनात एकदम स्वच्छ वाटत होतं. काय होईल ते होवो, कोणी सांगितलंच नाही असं तर आता राहणार नव्हतं. थोड्या वेळानं मिस्त्रीचा आवाज आला, तो विचारत होता की पाणी टाकू का, आणि भासरे म्हणाले, "दोऱ्या सोड."

दुसऱ्या दिवशी जाऊबाई परत आल्या. भासऱ्यांनी त्यांना बाहेर बोलावून सांगितलं की गल्लीतल्या बायांना जमवा, बसायचं माप घ्यायचं आहे. चढायच्या पायरीचं माप त्यांना माहीत होतं, बसायच्या पायरीचं नव्हतं, आणि माप घेतल्याशिवाय ते गवंड्याला वीटही उचलू देत नाहीत. मिस्त्रीनं भिंतीला लागून विटांचे तीन ओटे रचले, एक बुटका, एक मध्यम, एक उंच. बाया आल्या, पण भासरे समोर असताना बसणार कशा? तेव्हा भासरे रस्त्यापलीकडे विजेच्या खांबाजवळ जाऊन, आमच्याकडे पाठ करून, खांबाकडे तोंड करून उभे राहिले. मिस्त्री मधे. एकेक बाई यायची, पदर सावरून बसायची, मिस्त्री ओरडून सांगायचा, आणि भासरे खांबाला विचारायचे की पाय टेकले का, उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागला का. जाऊबाई बुटक्यावर बसल्या त्या उठेचनात, दोघींनी धरून उठवलं. समोरच्या काकू उंचावर बसल्या तर त्यांचे पाय झोका घेतल्यासारखे हलायला लागले, त्यांनी मिस्त्रीला सांगितलं, "लिही, झूला पसंत हाये." रस्त्यानं जाणारा भाजीवाला हातगाडी थांबवून बघत राहिला. त्याला वाटलं एवढी बायामाणसं बसून उठून राहिली आणि खांबाजवळचे काका त्यांना खांबाकडूनच हुकूम देऊन राहिले, हे काहीतरी योगाचं शिबिर असेल. माझी पाळी आली. मी मध्यमवर बसले. मिस्त्रीनं ओरडून सांगितलं की या बरोबर बसल्या. खांबाकडून आवाज आला, "तेच धर."

पण जागा आणायची कुठून? नालीवर भासरे बोटभर येऊ देणार नव्हते, आणि हद्दीच्या आतली सगळी जागा पायऱ्यांनी घेतलेली. मला वाटलं ते आता पायऱ्या चिंचोळ्या करतील. त्यांनी पायऱ्यांना हात लावला नाही. पुढच्या खोलीची भिंत आत घेतली. पुढची खोली त्यांची. तिच्यात त्यांची खाट, त्यांचं कपाट आणि ते टेबल. भिंत हातभर आत आली आणि तिच्याबाहेर, पायऱ्यांच्या बाजूनं, मध्यम मापाचा लांब ओटा निघाला, मागं टेकायला भिंत, वर छप्पर, कडेला कठडा. सगळं हद्दीच्या आत. नाली मोकळीच्या मोकळी. खोलीत मात्र टेबल मावेना. आडवं लावून पाहिलं, उभं लावून पाहिलं, मग भासऱ्यांनीच सांगितलं की विहारात वाचनालयाला द्या, तिथं पोरं अभ्यासाला बसतात. आता ते खाटेवर बसून मांडीवर फळी घेऊन रेघा मारतात. आमच्या यांनी हळहळून एकदा विषय काढला, तर त्यांना म्हणाले, "टेबल चुकलं नाही, नकाशा चुकला होता. नियमात बसाचंच नव्हतं लिहिलेलं."

आता ते कोणाच्याही घरी जातात तेव्हा खाली थांबून सगळं बघून झालं की शेवटी विचारतात, घरच्या बाया कुठं बसतात. लोकांना वाटतं म्हातारा काहीतरी भलतंच विचारतो. काहींनी तर याच्यावरून वाद घातला. पण मी ऐकलंय की आमच्या मागच्या लाइनीत दोन घरांनी नव्या पायऱ्यांच्या बाजूला ओटा काढला, आणि एकानं तर माप विचारायला माणूस पाठवला होता. भासऱ्यांनी त्याला माप दिलं. कोणाचं आहे ते सांगितलं नाही.

ओटा झाल्यावर गल्ली पुन्हा भरली. पहिल्यापेक्षा जास्त. दुसऱ्या गल्लीतल्याही येतात, सिमेंट रस्त्यानं त्यांचेही ओटे गेले. पहिले काही दिवस असं झालं की संध्याकाळी भासरे फिरून यायचे, कोपऱ्यावरून खोकायचे, आणि ओट्यावरच्या आम्ही सगळ्या एकदम उठायचो. कोणाच्या मांडीवरची मेथी सांडायची, कोणाचं झोपलेलं लेकरू जागं व्हायचं. ते मान खाली घालून भराभर पायऱ्या चढून आत जायचे. इतक्या नीट केलेल्या पायऱ्या, पण मी त्यांना त्यांच्यावर एकदाही हळू चढताना बघितलं नाही. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत खोकला ऐकू आला नाही. मी घाबरून जाऊबाईंना विचारलं की त्यांची तब्येत ठीक आहे ना.

जाऊबाई भाजीतून मान वर न करता म्हणाल्या, "ते मांगून येतात आता. मले म्हणे, ती पायरी बसाची केली, उठाची नाही केली."

मागची बाजू म्हणजे दोन घरांच्या मधली बोळ. नालीचा वास, तुटके पाइप, आणि आमच्या मागच्या दाराला पायरी म्हणून एक जुना दगड, उंच, तिरपा, पाय ठेवला की डगडगतो. नागपुरातल्या कुठल्याही घरापुढं तसा दगड दिसला असता तर भासरे अर्धा तास तिथून हलले नसते. त्याच्याबद्दल त्यांनी अजून एक शब्द काढलेला नाही. आमचे हे म्हणाले की सिमेंट उरलंय, बसवून घेऊ, तर त्यांनी नको म्हटलं. म्हणाले, चांगला केला तर सगळे तिकडूनच यायला लागतील.

त्यांचं आता वय होत चाललं आहे. गेल्या उन्हाळ्यापेक्षा ते सावकाश चालतात, फिरून यायलाही उशीर होतो. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलेल्या असतो आणि घराच्या पार मागून तो दगड हललेला ऐकू येतो, मग थोडं थांबून दाराची कडी. ओट्यावर हातातलं काम चालू राहतं. पण मागच्या काही दिवसांपासून मी एक बघितलं आहे. बाया कितीही आल्या, दाटीवाटीनं पायऱ्यांवरही बसावं लागलं, तरी कठड्याला लागून एक माणूस सहज चढून जाईल एवढी जागा आम्ही मोकळी ठेवतो. कोणी कोणाला तसं सांगितलेलं नाही. नवीन आलेली एखादी तिथं बसायला लागली की समोरच्या काकू तिला हातानं सरकवून घेतात.